इमेज बिघडली की लगेच एमएएस वाढवताय? एक्सरे-सीटीतल्या या चुका टाळा

इमेज जरा खराब आली की सगळ्यांचा हात आधी एमएएसवर (ट्यूबचा करंट गुणिले वेळ, म्हणजे एक्सरे किती सोडायचे ते) जातो, माझाही जायचा. पण खराब म्हणजे नक्की कशी, दाणेदार की धुरकट, हे आधी बघायचं, कारण दोन्हीची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. दाणेदार म्हणजे डिटेक्टरपर्यंत फोटॉन (एक्सरेचे कण) कमी पोचले, तिथे एमएएस वाढवून खरंच फायदा होतो. धुरकट म्हणजे स्कॅटर (शरीरात आपटून भलतीकडे विखुरलेले एक्सरे), आणि तिथे एमएएस डबल केलात तर कामाचे फोटॉन डबल आणि स्कॅटरही डबल, मग धुरकटपणा जसाच्या तसा आणि पेशंटला डोस मात्र दुप्पट. त्यापेक्षा कॉलिमेटर आवळा (बीम गरजेपुरता लहान करा), जाड भाग असेल तर ग्रिड (स्कॅटर अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी) लावा, आणि केव्हीपी (ट्यूबचं व्होल्टेज) उगाच जास्त ठेवलंय का तेही बघा.

केव्हीपीचा घोळ तर कायमचाच. 80 केव्हीपी लावलं म्हणजे सगळे फोटॉन 80 केईव्ही एनर्जीचे निघतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं, 80 ही वरची मर्यादा, सरासरी साधारण तिच्या एक तृतीयांश ते निम्मी. केव्हीपी वाढवलं की फोटॉन संख्येनेही वाढतात आणि जास्त आरपार जातात, म्हणूनच 15 टक्के केव्हीपी वाढवणं हे जवळपास एमएएस डबल करण्यासारखं धरतात. पण त्याची किंमत कॉन्ट्रास्टमध्ये मोजावी लागते, कारण हाड आणि मांस यांच्यातला फरक मुख्यतः फोटोइलेक्ट्रिक शोषणामुळे (फोटॉन अणूत पूर्ण जिरण्यामुळे) दिसतो आणि एनर्जी वाढली की ते झपाट्याने घटतं.

आता ग्रिड. शिकत असताना मी एकदा फोकस्ड ग्रिड (हिच्या पट्ट्या ट्यूबच्या दिशेने कललेल्या असतात) उलटी सरकवली होती. इमेजमध्ये मधला पट्टा झकास आणि दोन्ही कडा पांढऱ्याफटक, आणि मी अर्धा तास ट्यूब बिघडली म्हणून सगळ्यांना सांगत फिरतोय! सिनियरने नुसती ग्रिड काढून ट्यूबची बाजू कुठली लिहिलीय ते दाखवलं, काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हा दोन्ही कडा पांढऱ्या दिसल्या तर ग्रिड उलटी आहे का किंवा अंतर चुकलंय का ते बघा, आणि सगळीच इमेज फिकी असेल तर ग्रिड तिरकी झालीय किंवा सेंटरिंग सरकलंय.

ट्यूब ते डिटेक्टर या अंतराचं गणित सोपंय तरी विसरलं जातं, तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. 100 सेंटीमीटरवरून 180 वर गेलात तर तीव्रता 3.24 पट कमी होते, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून एमएएस तेवढ्या पटीने वाढवावा लागतो.

डिजिटल आल्यापासून एक नवीनच दुखणं सुरू झालंय. फिल्मवर जास्त एक्सपोजर दिलं की ती काळी पडायची आणि चूक लगेच कळायची, आता सॉफ्टवेअर सगळं सावरून घेतं, उलट जास्त डोसची इमेज गुळगुळीत सुंदर दिसते, मग हळूहळू सगळेच थोडं थोडं वाढवत जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एक्सपोजर इंडेक्स (डिटेक्टरवर किती एक्सपोजर पडलं ते सांगणारा आकडा) रोज बघायची सवय लावा, फक्त तुमच्या मशीनवर तो आकडा वाढला म्हणजे डोस वाढला की कमी झाला हे आधी विचारून घ्या, कारण काही सिस्टीममध्ये ते उलटं असतं.

सीटीत पाणी 0 एचयू (हाउन्सफिल्ड युनिट, टिश्यू एक्सरे किती अडवतो त्याचा आकडा), हवा उणे 1000, हे सगळ्यांना पाठ. घोळ होतो विंडोत, म्हणजे एचयूचा कुठला पट्टा स्क्रीनवर काळा-पांढरा दाखवायचा त्या सेटिंगमध्ये. लंग विंडोवर ठेवून मेंदू बघितला तर बारीक रक्तस्राव दिसणारच नाही, आणि त्यात स्कॅनचा काही दोष नाही, त्यामुळे रिपीट करायच्या आधी विंडो बदलून बघा. गोल गोल कडी दिसली तर डिटेक्टरचा एखादा एलिमेंट चुकतोय, कॅलिब्रेशन करा, पेशंटला पुन्हा झोपवून उपयोग नाही. कवटीच्या तळाशी दोन पेट्रस हाडांच्या (कानामागची कठीण हाडं) मधे काळा पट्टा दिसला तर लगेच घाबरू नका, तो बहुतेक वेळा बीम हार्डनिंगचा असतो, हाडाने कमी एनर्जीचे फोटॉन आधीच खाऊन टाकलेले असतात. आणि स्लाइस निम्मी पातळ केली तर नॉइज (दाणेदारपणा) साधारण 1.4 पट होतो, हे धरूनच पातळ स्लाइस मागा, जाड स्लाइसमध्ये मात्र बारीक गोष्टी शेजारच्या टिश्यूत मिसळून गायब होतात तेही आहेच.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टेबलची उंची. स्काउटला (स्कॅनआधी घेतात ती सपाट इमेज) ट्यूब वर असेल आणि पेशंट सेंटरच्या वर ठेवला तर तो ट्यूबच्या जवळ जातो, स्काउटमध्ये मोठा दिसतो, मशीनला वाटतं माणूस जाडाय आणि ऑटो एमए (मशीन स्वतः ठरवतं तो ट्यूबचा करंट) वाढतो. खाली ठेवला तर याच्या उलट, मग नॉइज आला म्हणून तुम्ही पुन्हा एमए वाढवायला मोकळे. शिवाय बो-टाय फिल्टरचा (ट्यूबपुढचा, मधे पातळ आणि कडांना जाड फिल्टर) सगळ्यात पातळ भाग शरीराच्या मध्यावर येत नाही ते वेगळंच. लेझर लाइन बघून टेबल दोन सेंटीमीटर वरखाली करायला पाच सेकंद लागतात.