टर्मिनलवर टाइप केलेला पासवर्ड लपवायचा कसा?

महापे एमआयडीसीतल्या ऑफिसात मी बॅकअपची स्क्रिप्ट प्रोजेक्टरवर दाखवत होतो. तिने पासवर्ड विचारला, मी टाइप केला, आणि भिंतीवर वीतभर अक्षरांत बायकोचं माहेरचं आडनाव उमटलं, पुढे १२३. चहा घेऊन आलेल्या पोऱ्यानेही वाचलं.

आपण दाबलेलं अक्षर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, परत स्क्रीनवर उमटवतं. याला म्हणतात एको. तेवढा बंद करायचा.

लिनक्सवर बॅश हा शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) असेल तर टाइप केलेलं वाचून घेणाऱ्या रीड कमांडला मायनस एस लावा. सोबत मायनस आरही हवाच, नाहीतर पासवर्डातला बॅकस्लॅश गिळला जातो. पुढच्या ओळीत नुसती एको नावाची कमांड लिहा, ती रिकामी ओळ छापते. एंटरसुद्धा उमटत नसल्याने पुढचा मजकूर प्रश्नालाच चिकटतो.

मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून झेडशेल येतं. मायनस एस तिथेही चालतो, पण बॅशमध्ये प्रश्न दाखवणारा मायनस पी तिथे भलतंच काम करतो. म्हणून प्रश्न आधी प्रिंटएफ कमांडने छापा, मग रीड. दोन्हीकडे चालतं.

खरी गोची एसएच या साध्या शेलमध्ये. उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश, आणि त्याच्या रीडला मायनस एस कळत नाही. तिथे टर्मिनलची सेटिंग बदलणारी कमांड वापरा: ‘एसटीटीवाय मायनस एको’, मग रीड, मग ‘एसटीटीवाय एको’. मधेच कुणी कंट्रोल-सी दाबलं तर एको बंदच राहू शकतो आणि माणूस कीबोर्ड बिघडला म्हणून आयटीवाल्यांना फोन लावतो. त्यामुळे एको बंद करण्याआधीच ट्रॅप कमांड लावा: इंट सिग्नल (कंट्रोल-सीचा) आला की एको चालू, मग एक्झिट. अडकलातच तर न दिसता ‘एसटीटीवाय सेन’ टाइप करून एंटर मारा.

विंडोजच्या बॅच फाइलमधलं ‘सेट स्लॅश पी’ काहीच लपवत नाही. पॉवरशेलचं रीड-होस्ट वापरा. ॲझसिक्युअरस्ट्रिंग लावलं की चांदण्या दिसतात, पण हाती साधा मजकूर येत नाही. तो हवा असेल तर ७.१ पासून मास्कइनपुट आहे.

तिन्हीकडे एकच स्क्रिप्ट चालवायची असेल तर मी सरळ पायथॉन घेतो. त्यात गेटपास नावाचं मॉड्यूल आयतंच असतं (एमआयडीसीच्या गेटवरचा नव्हे).

आणि एवढं करून पासवर्ड कमांडच्याच ओळीत लिहू नका. तो हिस्ट्रीत, म्हणजे जुन्या कमांडच्या यादीत, राहतो, आणि कमांड चालू असताना त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्याने पीएस (चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड) मारलं तरी बहुतेक लिनक्सवर जसाच्या तसा दिसतो.