जुनी ‘मेडिटेशन्स’ घेताना आधी भाषांतरकार ओळखा

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या ‘मेडिटेशन्स’ या चिंतनपर पुस्तकाची जुनी इंग्रजी भाषांतरं ऑनलाइन जमवताना एकच भाषांतर वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली पुन्हा पुन्हा गळ्यात पडतं. मुखपृष्ठाचा फोटो पाहून पैसे भरू नका.

१. विक्रेत्याकडून दोन फोटो मागवा: शीर्षकपानाच्या मागची बाजू आणि पाचव्या भागाचं पहिलं पान.

२. पाचव्या भागाची सुरुवात पहाटे अंथरुणातून उठण्याच्या कंटाळ्याने होते. तिथे ‘दाऊ’ (thou), ‘रायझेस्ट’ (risest) असली जुनी इंग्रजी दिसली आणि भाषांतरकाराचं नाव कुठेच नसेल, तर बहुधा जॉर्ज लाँग (१८६२). स्वामित्वहक्क कधीच संपल्याने स्वस्त पुनर्मुद्रणवाल्यांचा हाच लाडका.

३. प्रकाशक सारखा म्हणून भाषांतर सारखं असं धरू नका. पेंग्विनचं १९६४चं मॅक्सवेल स्टॅनिफोर्थचं, २००६चं मार्टिन हॅमंडचं. ऑक्सफर्डच्या क्लासिक्स मालेत आधी फार्करसन, २०११पासून रॉबिन हार्ड.

४. सी. आर. हेन्सचं १९१६चं भाषांतर ‘लोएब’ या ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या द्विभाषिक मालेतलं; ते हवं असेल, तर हिरवी बांधणी शोधा. सम्राट रोमन असला तरी लिहिलं ग्रीकमध्ये, आणि लोएबमध्ये ग्रीक हिरवं, लॅटिन लाल. डावीकडे मूळ, उजवीकडे इंग्रजी. संग्रहात एकच ठेवायची झाली तर हीच ठेवावी.

आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावरच्या ओळखक्रमांकावर, फार विसंबू नका. १९७०च्या आधीच्या छपाईवर तो नसतोच, त्यामुळे विक्रेते नव्या आवृत्तीचा क्रमांक आणि चित्र चिकटवून मोकळे होतात.