कॉमन्सवर फोटो टाकताय? या चुका टाळा, नाहीतर फोटो उडतो

विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियात लागणारे, कोणालाही मोफत वापरता येतील असे फोटो साठवणाऱ्या साइटवर, आपल्या गावचं देऊळ, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड), किल्ला यांचे फोटो टाकणारे मराठी लोक बरेच आहेत, आणि टाकलेला फोटो डिलीट झाला म्हणून वैतागून परत तिकडे न फिरकणारेही कमी नाहीत. वाईट याचंच वाटतं की फोटो चांगला असतो, स्वतः काढलेला असतो, गडबड झालेली असते ती फक्त अपलोड करताना.

सगळ्यात जास्त घोळ व्हॉट्सॲपमुळे होतो. ट्रेकच्या ग्रुपवर आलेला फोटो सेव्ह केला आणि तोच चढवला, ही सवय आधी सोडा, कारण व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं आणि कॅमेरा कुठला, तारीख काय, जागा कुठली ही आतली सगळी माहितीही पुसून टाकतं. मग तपासणाऱ्याला दिसतो एक छोटासा, नेटवरून उचलल्यासारखा फोटो, तो शंका घेणारच ना! मूळ फाइल थेट फोनमधून किंवा कार्डवरून द्या. दुसऱ्या फोनवर न्यायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ती जशीच्या तशी जाते. (घरात काढलेला फोटो असेल तर मात्र लोकेशन काढून मगच टाका.)

दुसरं म्हणजे 'माझं स्वतःचं काम' यावर डोळे झाकून टिक करणं. मित्राने काढलेला फोटो मित्राचाच, त्यात तुम्ही उभे असलात तरी. त्याला स्वतःच्या खात्यातून टाकायला सांगा किंवा त्याच्याकडून परवानगीचा ईमेल विकिमीडियाच्या स्वयंसेवकांना जाऊ द्या. पेपरचं कात्रण, फ्लेक्स, सिनेमाचं पोस्टर मोबाइलने टिपलं म्हणून आपलं होत नाही. चौकात कायमचा बसवलेला पुतळा किंवा इमारत यांचा फोटो चालतो, भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तशी सूट आहे, पण भिंतीवर रंगवलेलं आजचं चित्र त्या सवलतीत बसत नाही. लायसन्स निवडताना 'फक्त अव्यावसायिक वापर' असली अट कॉमन्सवर चालतच नाही, सीसी बाय-एसए 4.0 (तुमचं नाव देऊन आणि त्याच अटीवर कोणीही वापरू शकेल असं लायसन्स) घ्या आणि मोकळे व्हा.

फाइलच चढत नसेल तर आधी फॉरमॅट बघा. आयफोनची एचईआयसी फाइल घेत नाही, जेपीजी करून द्या. एमपी4 व्हिडिओही तसा जात नाही, वेबएम लागतो. नेट कमजोर असेल तर पन्नास फोटो एकदम लावू नका, पाच-पाच करून टाका.

आता नाव आणि वर्णन, इथे लोक फार घाई करतात आणि मला विचाराल तर खरी किंमत इथेच आहे. 'आयएमजी_2034' असलं नाव तर कॉमन्सचा विझार्ड (फोटो चढवायचा फॉर्म) घेतच नाही, मग लोक 'जुनं मंदिर 1' लिहून सुटतात, पण हे मंदिर कुठलं हे दहा वर्षांनी कोणाला कळणार? वीरगळ असेल तर गाव, तालुका, जिल्हा, कुठल्या देवळाच्या आवारात, दाराच्या डाव्या हाताला की पाराखाली, किती टप्पे कोरलेत, हे सगळं लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालतं, नावही देवनागरीत ठेवता येतं. वीरगळ हलवले जातात, जीर्णोद्धारात रंगवले जातात, तेव्हा तुमच्या त्या दोन ओळीच कामाला येतात. वर्गही (कॅटेगरी) नेमका द्या, नुसता 'महाराष्ट्र' दिला की फोटो हजारोंत हरवतो.

एवढं करूनही डिलीटची नोटीस आली तर तोच फोटो नव्या नावाने परत चढवू नका, त्याने खातंच ब्लॉक होऊ शकतं. फोटो ठेवायचा की काढायचा याची चर्चा साधारण सात दिवस चालते, तेवढ्यात मूळ मोठी फाइल त्याच पानावर नवी आवृत्ती म्हणून टाका आणि चर्चेत तसं लिहून द्या.