ताप होता की नव्हता?

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून रिपोर्ट टाइप करण्याच्या कामात, येऊ बघणाऱ्या मुली मला हमखास विचारतात, "ताई, इंग्लिश किती लागतं?" मी इंदूरच्या रामबागेत वाढले, घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची. हिला जमलं तर आपल्यालाही जमेल, असा त्यांचा हिशोब असावा. हिशोब बरोबर आहे. व्याकरण सवयीने येतं, अवयवांची नावं पाठ होतात. दगा देतात ती विशेषणं, म्हणजे आजारी माणूस कसा आहे हे सांगणारे शब्द.

नोकरीचा दुसरा महिना होता, रात्रपाळी. अमेरिकन डॉक्टर घाईघाईत बोलत होता. रेकॉर्डिंग मागेपुढे करणाऱ्या फूट पेडलवर तीनदा मागे जाऊन ऐकलं आणि टाइप केलं: 'फेब्राइल'. म्हणजे ताप आहे. तो म्हणाला होता 'एफेब्राइल', ताप नाही. पहिलं अक्षर त्याने गिळलं होतं. क्यूएकडून, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांकडून, फाइल परत आली, शेरा 'क्रिटिकल एरर'. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दोन ओळी वर मीच टाइप केलं होतं, टेम्परेचर 98.2. फॅरेनहाइटमध्ये 98.2 ला कसला आलाय ताप! कान चुकतात, पण स्वतः लिहिलेला आकडाही मी वाचला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक विशेषणाला मी साक्षीदार शोधते. 'हायपोटेन्सिव्ह' (बीपी कमी) की 'हायपरटेन्सिव्ह' (बीपी जास्त) कळत नसेल तर बीपी बघा. 88/54 असेल तर पहिला, 168/96 असेल तर दुसरा. दहापैकी नऊ वेळा साक्षीदार त्याच पानावर सापडतो.

दहाव्या वेळी मात्र फसायला होतं. 'डिसफेजिया' म्हणजे गिळायला त्रास, 'डिसफेझिया' म्हणजे बोलण्याचा, शब्द सापडण्याचा त्रास. 'डिसफेजिक' आणि 'डिसफेझिक' ही त्यांचीच विशेषणं. अमेरिकन तोंडात 'ज' आणि 'झ' यांत केसाएवढा फरक राहतो. त्यात स्ट्रोकच्या पेशंटला दोन्ही असू शकतं, आणि दोन्हीसाठी पाठवतात एकाच स्पीच थेरपिस्टकडे! आहारात घट्ट केलेले द्रवपदार्थ लिहिले असतील तर गिळण्याकडे झुका. तेही नसेल तर ब्लँक, म्हणजे रिकामी जागा, सोडा आणि रेकॉर्डिंगमधली वेळ नोंदवून क्यूएला कळवा. अंदाजाने शब्द भरू नका.

काही शब्दांत आपली भाषाच आड येते. शाळेत 'अक्यूट' म्हणजे तीव्र असं घोकलेलं असतं. तीव्रसाठी डॉक्टर 'सिव्हिअर' म्हणतो. 'अक्यूट' म्हणजे अलीकडे, एकदम सुरू झालेलं. 'क्रॉनिक' म्हणजे जुनाट. पहिल्यांदा 'अक्यूट ऑन क्रॉनिक' ऐकलं तेव्हा डॉक्टरची जीभ घसरली असं मला वाटलं. घसरली नव्हती. जुन्या दुखण्यावर नवा भडका उडाला की असंच म्हणतात.

'वीक'चंही तसंच. आमची आजी "अशक्तपणा आलाय गं" म्हणायची तेव्हा तिला थकवा, मरगळ म्हणायचं असायचं; त्याला 'फटीग्ड'. रिपोर्टमधला 'वीक' बहुतेकदा स्नायूंचा असतो, आणि स्नायूंची ताकद 5 पैकी मोजतात. डावा हात 3/5 आला तर तो हात वीक. आजीच्या 'कणकणी'ला मात्र मला अजून एका शब्दात इंग्लिश विशेषण मिळालेलं नाही.

'इल' आणि 'सिक' एकच, असं समजू नका. ब्रिटिश माणूस 'आय वॉज सिक' म्हणाला तर त्याला उलटी झाली असण्याची शक्यता जास्त. आणि 'स्टेबल' म्हणजे बरा नव्हे, फक्त आहे तसा. नातेवाइकांना हे कोणीतरी सांगायला हवं.

अपंगत्वाच्या शब्दांशी जपून वागावं लागतं. अमेरिकेत 2010च्या रोझाज लॉने केंद्रीय कायद्यांतून 'मेंटली रिटार्डेड' काढलं, तिथे 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' आलं. आपल्याकडे 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या कायद्यात 21 झाले. 'हँडिकॅप्ड' आता जुनाट वाटतं, 'डेफ अँड डंब' तर नकोच, कारण 'डंब'चा अर्थ मूर्ख असाही होतो. 'व्हीलचेअर-बाउंड'ऐवजी 'यूझेस अ व्हीलचेअर' म्हणणं चांगलं. पण म्हातारा डॉक्टर जुना शब्द बोलला तर? आपल्या मनाने बदलायचा नाही. त्या अकाउंटच्या, म्हणजे काम देणाऱ्या ग्राहकाच्या, सूचना वाचायच्या. काहींना शब्दशः हवं असतं, काहींना सुधारून. मी सुरुवातीला उत्साहात सुधारून टाकायचे आणि बोलणी खायचे.

आता पहिला मसुदा बऱ्याचदा सॉफ्टवेअरच काढतं, आपण तो ऐकत दुरुस्त करतो. काम सोपं झालं असं वाटतं, पण मशीन 'एफेब्राइल'चं 'फेब्राइल' करून मोकळं होतं आणि तेही नीटनेटक्या वाक्यात, त्यामुळे नजर सरळ पुढे जाते. हल्ली नवीन मुलींची टेस्ट मी घेते. मुद्दाम एक खरखरीत, न समजणारी फाइल देते. ज्या उत्तरात एकही ब्लँक नाही, ते आधी बाजूला ठेवते.