ईपरचा तोफगोळा घरी आणायचा असेल तर

बेल्जियममधल्या ईपरच्या आसपास शेत नांगरताना पहिल्या महायुद्धातले तोफगोळे आजही वर येतात. लाहोर डिव्हिजनचे भारतीय सैनिक १९१५ च्या एप्रिलमध्ये इथेच लढले, त्यामुळे आठवण म्हणून काहीतरी सोबत न्यावंसं वाटणं मी समजू शकतो. पण शेतात किंवा बांधावर दिसलेल्या गोळ्याला हातही लावू नका. गंजलेला म्हणजे निकामी, हा समज जिवावर बेततो. काहींमध्ये विषारी मस्टर्ड वायू आहे, आणि २०१४ साली ईपरमध्येच पहिल्या महायुद्धातला एक गोळा फुटून दोन बांधकाम कामगार गेले. लांब व्हा, पोलिसांना कळवा. पुढचं काम पोलकापेल इथलं लष्करी पथक करतं.

संग्रहासाठी घ्यावी ती ब्रिटिश १८ पौंडी तोफेची रिकामी पितळी पुंगळी, म्हणजे गोळा डागल्यावर मागे उरणारं आवरण. बूड उलटून बघा: तोफेचा प्रकार, कारखान्याची आद्याक्षरं, साल कोरलेलं असतं. मधला प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) उडालेला किंवा काढलेला हवा. विक्रेत्याकडून निष्क्रिय केल्याचं लेखी घ्या. टोकाला फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) असलेला अख्खा गोळा नवख्याने घेऊच नये, कितीही स्वस्त मिळो. घरी खोलून बघणं तर नाहीच.

पुंगळी चिंच लावून चकचकीत करू नका. कोरीव अक्षरं झिजतात आणि शंभर वर्षांत चढलेली काळसर छटा जाते. कोरडं मऊ फडकं पुरे.

युरोस्टार रेल्वेमध्ये निष्क्रिय गोळाही चालत नाही. विमानासाठी कंपनीला आधी लेखी विचारा.