भौतिकशास्त्र विभागातील व्याख्यान आणि स्नेहमेळावा कसा आखावा

व्याख्यानाची तारीख ठरवण्याआधी विद्यार्थ्यांचे प्रॅक्टिकलचे वेळापत्रक आणि गावी परतण्याच्या बसगाड्यांच्या वेळा पाहाव्यात. नागपूरच्या आसपासच्या कामठी, हिंगणा किंवा उमरेडहून येणारा विद्यार्थी संध्याकाळी साडेपाचच्या व्याख्यानाला थांबत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. आमच्या अनुभवात दुपारी तीनची वेळ सर्वांना सोयीची पडते.

वर्षातला एक दिवस तर आधीच ठरलेला आहे. रामन परिणामाचा, म्हणजे पदार्थातून विखुरताना प्रकाशाच्या थोड्या भागाचा रंग बदलतो या घटनेचा, शोध 28 फेब्रुवारी 1928 रोजी लागला आणि 1987 पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन 1910 मध्ये वित्त खात्यातील अधिकारी म्हणून नागपुरात नेमणुकीवर होते, हे प्रास्ताविकात अवश्य सांगावे. हिशेबनीस म्हणून या शहरात राहून गेलेला माणूस मुलांना एकदम जवळचा वाटू लागतो.

दुसरा दिवस 26 मेच्या सुमारास येतो. त्या दिवशी दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास नागपुरात सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. सुट्टी असली तरी माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना बोलवावे. 17 जुलैच्या सुमारास हीच संधी पुन्हा येते, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही. अंगणात पांढरा कागद अंथरावा, पाणपातळीने जागा सपाट आहे ना ते तपासावे आणि सरळ कडांचा स्टीलचा पेला त्यावर ठेवावा. पेल्याच्या बुडाशी सरकत आलेली काळी कड शेवटी दिसेनाशी होते, तेव्हा मोठी माणसेही खाली वाकून बघतात. सावलीसाठी मांडव आणि गार पन्हे यांत मात्र हात आखडता घेऊ नये.

वक्त्याला चाळीस मिनिटे द्यावीत आणि प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखून ठेवावीत. एका कार्यक्रमात सत्कार आणि आभारप्रदर्शनाने ही वीस मिनिटे खाऊन टाकली. पहिल्या रांगेतली एक मुलगी शेवटपर्यंत हात वर करून बसली होती, ते मला अजून बोचते. तेव्हापासून सत्कार आम्ही चहाच्या वेळी करतो.

चहा आणि तर्री पोहे वेगळ्या खोलीत ठेवू नयेत, कारण माणसे खाऊन तिथूनच निघून जातात. त्याच दालनात एका टेबलावर लाल लेझर पॉइंटर आणि जुनी सीडी मांडावी. प्रकाश सीडीवर सरळ पाडला, तर तिच्यावरील बारीक रेघांमुळे तो बाजूलाही फाकतो आणि 1 मीटर अंतरावरच्या भिंतीवर बाजूचा ठिपका मध्यापासून सुमारे 44 सेंटिमीटरवर पडतो. लेझर मात्र शिक्षकांनीच हाताळावा आणि तो कुणाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊ देऊ नये. शेजारी मोजपट्टी ठेवली, की बशी हातात घेऊन मुले सीडीवरील रेघांमधले अंतर काढू लागतात आणि पाहुण्यांना आपणहून प्रश्न विचारतात.