मृग लागण्याआधी गॅरेजची तयारी

मे सरत आला की गोव्यातल्या साखळी-डिचोलीकडची गॅरेजं कामांनी तुंबतात. कुणाला वायपर हवे, कुणाला ब्रेक. त्या घाईतच अपघात होतात, म्हणून त्याआधी एक अख्खा दिवस गिऱ्हाईक न घेता ही तयारी करावी.

सुरुवात जॅकपासून. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. आमच्याकडे एकदा जॅकवरच्या गाडीचं चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं. चहा घेऊन परतलो तर दोनच बोटं उरली होती. सील गेलं होतं, तेल झिरपत होतं, आवाज काहीच नाही. खाली कुणी झोपलेलं नव्हतं, एवढंच नशीब. म्हणून लोखंडी स्टँड पुरेसे आहेत का ते मोजा. दारात पडलेला चिरा, म्हणजे जांभा दगड, त्यांच्या जागी कधीच लावू नका, तो वजनाखाली अचानक फुटतो. जमिनीवरच्या चाकांना लाकडी गुटके हवेतच.

खनिजाचे ट्रक येत असतील तर लॉक रिंगच्या चाकासाठी, म्हणजे ज्यात टायर वेगळ्या लोखंडी रिंगने अडकवलेला असतो त्या चाकासाठी, लोखंडी पिंजरा करून घ्या. अर्धवट बसलेली रिंग हवा भरताना उसळली तर माणूस जागीच जातो. लांब नळी लावून बाजूला उभं राहायचं आणि हवा असताना रिंगवर हातोडी मारायची नाही.

ग्राइंडरचे काढून ठेवलेले गार्ड शोधून बसवा. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं, आपल्या दमट हवेत ती आतून गंजते. पेट्रोलने पार्ट धुणं बंदच करा. त्याची वाफ जड असते, पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात, उतरून बसते आणि वेल्डिंगची एक ठिणगी तिला पुरते.

पावसाची झड आत येते म्हणून शटर ओढून इंजिन चालू ठेवण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं दुखू लागतं तेव्हा पोरांना वाटतं, उपाशी राहिल्यामुळे दुखतंय. धूर बाहेर नेणारी नळी सायलेन्सरला लावा, नाहीतर शटर उघडंच ठेवा.

सॉकेटात काड्या खुपसून अडकवलेल्या उघड्या वायरी काढून टाका, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. फायर सिलेंडरचा काटा हिरव्यात आहे ना, तेही पाहा. १०१ आणि १०८ हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. संध्याकाळी दिवे घालवून प्रत्येक पोराला अंधारात मेन स्विचपर्यंत चालत जायला सांगा. वाटेत जे पायाला लागेल ते त्याच रात्री हलवा.